रणगाड्यांची दाणावैरण

मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल पत्रें ज्यानें चाळलीं आहेत त्यास एक गोष्ट ठाऊक असते. लढाईचें वर्णन त्यांत चार ओळींत आटोपतें आणि दाणावैरणीचा घोर मात्र पानोपानीं चालू असतो. वैरण मिळाली कीं नाहीं, घोडीं रोड झालीं, छावणी कोठें करावी, पाणी किती कोसांवर, हाच त्या पत्रांचा खरा मजकूर. पानिपतावर पौष शुद्ध अष्टमीस, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं, जें घडलें त्यास आधींच्या दिवसांतील उपासमार आणि उत्तरेकडील कडाक्याची थंडी किती कारण झाली, हें आज शाळेंतला मुलगाही सांगेल. घोड्याच्या युगांत लिहिणारानें घोड्याचें पोट कधीं नजरेआड केलें नाहीं. यंत्राच्या युगांत लिहिणारा मात्र यंत्राचें पोट सहज विसरतो. रणगाडे आले, तोफा उडाल्या, शत्रु पळाला, इतकें लिहून तो मोकळा होतो. त्या रणगाड्यांच्या पोटांतील तेलाचें आदल्या रात्रीं काय झालें होतें, हा प्रश्न त्याच्या मनास शिवत नाहीं.

हा विचार आमच्या मनांत घोळूं लागण्यास आमचें गांवच कारण आहे. अहमदनगरास आम्ही जन्मभर नगरच म्हणत आलों. २०२४ पासून सरकारदरबारीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. मलिक अहमदानें १४९० सालीं वसविलेल्या या शहराचें जड लोखंडाशीं आणि तोफांशीं नातें जुनें आहे. विजापुरास जी मलिक-इ-मैदान तोफ लोक आज वळसे घालून पाहतात, ती १५४९ सालीं आमच्याच नगरास ओतली गेली. पंचावन्न टनांचें तें धूड ज्या बैलांनीं हलविलें असेल त्यांस चारा, पाणी आणि चाबूक याहून अधिक कांहीं लागलें नसेल. पुढें इंग्रज अमदानींत येथें लष्करी गाड्यांचें शिक्षण देणारी शाळा आली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ सालीं, चिलखती दलाचें केंद्र आणि विद्यालय येथेंच स्थिर झालें. यांत्रिक पायदळाचें केंद्र नगरासच आहे, सैन्यासाठीं वाहनें घडविणारी व पारखणारी संशोधनसंस्थाही येथेंच आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचें एक संग्रहालयही आहे. या संग्रहालयांत विद्यार्थ्यांस घेऊन जाण्याचा योग आम्हांस अनेकदां आला. मुलें तोफेची नळी किती लांब आणि चिलखत किती जाड हें विचारतात. एंजिनाचें झांकण कोठें आहे असें विचारणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. पौषांत येथें पहाटे अंगावर दोन पांघरुणें लागतात आणि आम्ही एकमेकांस ‘यंदा थंडी फार’ असें सांगून समाधान पावतों. अशा या कोरड्या, तापट पठारावर जे जवान वाहन हांकण्यास आणि दुरुस्त करण्यास शिकतात, त्यांतील कित्येकांस पुढें अशा मुलखांत जावें लागतें कीं, जेथें उणे दहा अंशांची रात्र ही सौम्य समजली जाते. तेथें यंत्राचें काय होतें, हें आधीं थोडक्यांत समजून घेतल्यावांचून पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाहीं.

हिवाळ्यांत आपल्या घरांत खोबरेलाची बाटली थिजते आणि न्हाण्यापूर्वीं ती उन्हांत किंवा कढत पाण्यांत ठेवावी लागते, हा अनुभव कोणास नाहीं? डिझेलचें नेमकें असेंच होतें. त्यांत मेणासारखा एक अंश विरघळलेला असतो; थंडी वाढली कीं त्याचे कण वेगळे होतात, प्रथम तेल गढूळ दिसूं लागतें, मग गाळणीच्या बारीक जाळींत तें मेण बसतें आणि टांकी भरलेली असूनही एंजिन उपाशी मरतें. पेट्रोल असें थिजत नाहीं, पण थंडींत त्याची वाफ होण्यास अडचण पडते, आणि वाफ झाल्यावांचून तें पेटत नाहीं. वंगणाचें तेल काकवीसारखें दाट होतें, त्यामुळें एंजिन फिरविण्यास नेहमींच्या कितीतरी पट जोर लागतो. हा जोर ज्या बॅटरीनें द्यावयाचा ती त्याच वेळीं दुबळी झालेली असते. शून्याखालीं अठरा अंशांवर तिची शक्ति निम्म्यावर येते. आणि ती पुरी उतरलेली असली तर तिच्यांतील आम्लच शून्याखालीं दहा अंशांच्या आसपास गोठून तिचीं भांडीं फुटतात. भरलेली बॅटरी मात्र उणे पन्नास अंशांतही गोठत नाहीं. पाण्याची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. बर्फ होतांना तें सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, आणि एंजिनाच्या पोलादी भिंतीसही तो फुगवटा सोसत नाहीं. म्हणून थंड मुलखांतला जुना ड्रायव्हर रात्रीं रेडिएटरचें पाणी सोडून देई, सकाळीं शेगडीवर पाणी तापवून तें पुनः आंत ओती, आणि मग हँडल मारी. निम्में पाणी आणि निम्में ग्लायकॉल घातलें म्हणजे तें मिश्रण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाहीं, ही सोय होण्यापूर्वींचा हा नित्याचा पहाटेचा विधि होता.

उंचीची गोष्ट निराळी आणि तितकीच बिकट. साडेतीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी असतो. एंजिनास श्वास अपुरा पडतो आणि सुमारें एक तृतीयांश ताकद तेथेंच नाहींशी होते. शिवाय त्या उंचीवर पाणी शंभर अंशांवर नव्हे तर अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळतें. म्हणजे चढावर दुपारीं ज्या एंजिनाचें पाणी उकळून बाहेर पडतें, त्याच एंजिनाचें पाणी मध्यरात्रीं गोठून त्याची छाती फोडूं पाहतें.

हा विरोधाभास प्रथम ज्यांनीं पदरमोड करून अनुभवला त्यांत इंग्रज ध्रुवप्रवाशांची गणना करावी लागेल. शॅकल्टननें १९०८ सालीं दक्षिण ध्रुवाच्या मुलखांत एक मोटार नेली. कठीण बर्फावर ती चालली आणि भुसभुशीत बर्फांत रुतली. त्याच्यामागून स्कॉटनें पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटारस्लेज नेल्या. एक तर जहाजावरून उतरवितांनाच, जानेवारी १९११ मध्यें, बर्फ फुटून समुद्राच्या तळाशीं गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर निघाल्या आणि आठवड्याच्या आंतबाहेर बंद पडल्या. गंमत अशी कीं, त्या थंडीनें गारठून बंद पडल्या नाहींत; त्या तापून बंद पडल्या. हवेनें निवणारीं त्यांचीं एंजिनें हळू चालीनें जड ओझें ओढतांना निवेनात, आणि त्यांचे भाग मोडले. पृथ्वीवरील सर्वांत थंड प्रदेशांत यंत्र उष्णतेनें मरावें, ही गोष्ट कोणा कादंबरीकारानें लिहिली असती तर आपण ती हंसण्यावारी नेली असती. मोटारी टाकून त्यांवरचीं माणसें स्वतः स्लेज ओढीत पुढें गेलीं.

तीस वर्षांनीं हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला. १९४१ च्या डिसेंबरांत मॉस्कोच्या दारांशीं जर्मन सैन्य उभें होतें आणि पारा उणे तीस अंशांखालीं उतरत होता. वंगण घट्ट झालें, तोफांचे खटके अडकले, आणि एंजिनें सुरू व्हावीं म्हणून जर्मन शिपाई त्यांच्या तेलपात्राखालीं जाळ करूं लागले. समोर रशियनांच्या टी-३४ रणगाड्यांत बॅटरी हरली तर दाबून भरलेल्या हवेच्या नळकांड्यांनीं एंजिन फिरविण्याची सोय मुळांतच केलेली होती, आणि त्यांचे पट्टे रुंद असल्यानें ते बर्फांत कमी रुतत. जर्मनांचा पराभव केवळ हिवाळ्यानें केला असें म्हणणें म्हणजे रशियन सैनिकाचा हक्क हिरावून घेणें होय, हें आम्ही जाणतों. परंतु एका बाजूनें हिवाळ्याचा विचार कारखान्यांत केला होता आणि दुसरीनें तो रणांगणावर केला, हा फरक थोडा नव्हे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिमालयांतील उंच खिंडींतून मोटारी नेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९३१ सालीं सित्रोएन कंपनीच्या फ्रेंच मोहिमेनें केला. हार्टच्या पुढारीपणाखालीं दोन पट्ट्यांच्या गाड्या श्रीनगराहून गिलगिटास पोंचल्या खऱ्या. पण वाटेंत कित्येक ठिकाणीं त्यांचे सुटे भाग करून ते हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. मोटारीनें माणसास नेण्याऐवजीं माणसानें मोटारीस नेलें. तीही ऐन उन्हाळ्यांतली गोष्ट. हिमालयांत गाडी चढविणें म्हणजे काय, याची समज त्या वेळीं साधारण इतकीच होती. पुढें सतरा वर्षांनीं, हिवाळ्याच्या तोंडावर, रणगाडे झोजीलावर नेण्याचें ठरलें तेव्हां तें वेडेपण कां वाटलें असेल याची कल्पना यावरून येईल.

झोजीला ही काश्मीरचें खोरें आणि लडाख यांमधील खिंड. उंची सुमारें ११,५७५ फूट. १९४८ च्या उन्हाळ्यांत कारगिल, द्रास आणि पाठोपाठ ही खिंड शत्रूच्या हातीं गेली. लेह तुटलें. मे महिन्यांत मेहेरसिंग यांनीं लेहच्या कच्च्या धांवपट्टीवर डाकोटा विमान उतरवून तें शहर तगविण्याचा मार्ग उघडला होता, पण विमानांच्या फेऱ्यांवर एक अख्खा मुलूख हिवाळाभर पोसणें हें काम निराळें. हिमवृष्टि सुरू झाली कीं खिंड महिनोन्महिने बंद होते. म्हणजे जें करावयाचें तें बर्फाच्या आधीं. सप्टेंबरांत पायदळानें केलेले हल्ले फसले. दोहों बाजूंच्या कड्यांवरील मोर्च्यांतून येणाऱ्या माऱ्यापुढें कोणाचेंच कांहीं चालेना. तेव्हां जनरल थिमय्या यांनीं रणगाडे आणण्याचा निर्णय केला. त्यांचें गणित सरळ होतें. ज्या मोर्च्यांपुढें माणसाचें शरीर टिकत नाहीं तेथें लोखंड टिकेल. प्रश्न एवढाच होता कीं, लोखंड तेथवर जाईल काय, आणि गेलें तर ऐन वेळीं चालेल काय.

सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे जम्मूकडून बनिहाल घाट ओलांडून श्रीनगरास आणले गेले. पूल कमजोर होते म्हणून रणगाड्यांचे बुरूज, म्हणजे तोफ बसविलेला वरचा फिरता भाग, उतरवून निराळे नेले. कोणास ओळख पटूं नये म्हणून गाड्या ताडपत्रींत गुंडाळल्या. श्रीनगरांतून जातांना संचारबंदी पुकारली. तेथून सोनमर्ग ऐंशी किलोमीटर, आणि त्यापुढें खिंडीच्या पायथ्याचें बालताल. बालतालहून वर जी वाट होती ती खेंचरांची. मद्रासी सफरमैनांच्या दोन कंपन्यांनीं, मेजर तंगराजू यांच्या देखरेखीखालीं, ती वाट रणगाडा जाईल इतकी रुंद केली. सुरुंग लावून खडक फोडणें, दगडगोटे दूर करणें, कडेस बांध घालणें, हें सर्व शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यांत. या मोहिमेंतील पहिला विजय याच लोकांचा होय, असें आमचें मत आहे.

हल्ला २० ऑक्टोबरास व्हावयाचा होता. हवा बिघडली, बर्फ पडूं लागला, आणि तो पुढें ढकलावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांत हें एक वाक्य असतें आणि वाचक तें ओलांडून १ नोव्हेंबरावर येतो. आम्ही मात्र वाचकांस त्या मधल्या दिवसांपाशीं क्षणभर थांबण्याची विनंति करूं. नऊ हजार फुटांहून अधिक उंचीवर, हिमवृष्टींत, उघड्यावर उभीं असलेलीं पेट्रोलवर चालणारीं यंत्रें. तीं चालू ठेवावीं तर पेट्रोल जळतें, आणि त्याचा प्रत्येक डबा श्रीनगराहून घाटवाटेनें आलेला. शिवाय आवाज झाला तर गुपित फुटतें, आणि सारा भरंवसा त्या गुपितावरच. बंद ठेवावीं तर तेल दाटतें, बॅटरी उतरते, पट्ट्यांखालचा चिखल रात्रीं गोठून रणगाडा जमिनीस चिकटतो. अशा ठिकाणीं उपाय असतात ते सारे क्षुद्र दिसणारे. पट्ट्यांखालीं ओंडके किंवा गवत टाकणें. बॅटऱ्या काढून उबेस नेणें. एंजिनावर घोंगड्या आणि ताडपत्र्या घालणें. ठराविक वेळानें एंजिन थोडें फिरवून ठेवणें. उघड्या हातानें लोखंड न धरणें, कारण कातडें त्यास चिकटून निघतें. आणि हातमोजे घातले तर बारीक पेंच बोटांत येत नाहीं म्हणून शेवटीं ते काढणेंच. घोड्याचा मोतद्दार रात्रीं उठून झूल सांवरी, तीच ही चाकरी. फक्त हा घोडा हुंकार देत नाहीं, त्याचें दुखणें सकाळींच कळतें. या कामासाठीं आपल्या सैन्यांत विजेच्या व यांत्रिक कारागिरांचें स्वतंत्र दल १५ ऑक्टोबर १९४३ रोजीं उभें राहिलें होतें. झोजीलाच्या वेळीं तें पांच वर्षांचें होतें.

१ नोव्हेंबर १९४८ रोजीं दुपारीं रणगाडे हलले. लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग, ज्यांस सारे ‘स्पॅरो’ म्हणत, हे त्यांचे नायक. आणि स्वतः थिमय्या पुढच्या रणगाड्यांत बसले. सेनापतीनें असें करावें कीं नाहीं यावर पंडितांचे दोन पक्ष आहेत. आम्हांस वाटतें, ज्या यंत्रावर आपण सारी बाजी लावली त्यांत आपण बसणें हेंच त्या माणसाच्या स्वभावास साजेसें होतें. खिंडींतून धडधडत येणारें लोखंड पाहून शत्रूचा धीर खचला. त्या उंचीवर रणगाडा येईल हें त्याच्या स्वप्नींही नव्हतें, आणि जगांत तोंवर इतक्या उंचीवर रणगाडे लढलेही नव्हते. संध्याकाळपर्यंत पलीकडचें गुमरीचें मैदान हातीं आलें. १५ नोव्हेंबरास द्रास आणि महिनाअखेरीपूर्वीं कारगिल परत मिळालें. लेहची वाट मोकळी झाली.

एखादें एंजिन त्या अरुंद वाटेवर सुरू न होतां अडलें असतें तर? रणगाड्यास बाजूनें जाण्यास तेथें जागा नव्हती. पहिला बंद पडला म्हणजे मागचे सारे बंद, आणि हिवाळा दाराशीं. इतिहासांत ‘जर’ आणि ‘तर’ यांस स्थान नाहीं असें म्हणतात. परंतु ज्या रात्रीं कारागिरांनीं जागून काढल्या त्यांची किंमत या एका ‘जर’वांचून मोजतां येत नाहीं. आमच्या वाचनांत आलेल्या वृत्तान्तांत सेनापतीचें नांव आहे, पथकनायकाचें आहे, वाट करणाऱ्या मेजराचेंही आहे. पेंच आवळणाऱ्याचें नाहीं. जुन्या दप्तरांत निदान घोड्याचा रंग आणि त्याच्या दाण्याची रोजची शेर-मापटीं लिहिलेलीं सांपडतात.

यानंतर चौदा वर्षांनीं चीनशीं युद्ध पेटलें तेव्हां खिंडींतून रणगाडे चढविण्यास वेळच नव्हता. ऑक्टोबर १९६२ मध्यें वीस लान्सर्सचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे चंदीगडहून रशियन बनावटीच्या एएन-१२ विमानांतून थेट चुशूलला उतरविण्यांत आले. चुशूल झोजीलाहूनही उंच, चौदा हजार फुटांवर. वर नेण्याचा प्रश्न विमानानें सोडविला, पण टिकविण्याचा सोडविला नाहीं. फ्रान्सांत घडलेलें, पंजाबच्या मैदानांत वावरलेलें यंत्र एका दिवसांत अशा हवेंत उतरलें कीं, जेथें माणसासही सरावण्यास दिवस लागतात. १८ नोव्हेंबरास तेथील लढाई झाली तेव्हां तीं यंत्रें चालत होतीं. तीन आठवडे तीं चालतीं ठेवणारांचा वृत्तान्त कोणीं विस्तारानें लिहिला तर आम्ही तो चुशूलच्या लढाईच्या वर्णनाइतक्याच आवडीनें वाचूं.

पुढें सैन्याबरोबर सामान्य माणूसही त्या मुलखांत मोटारी हांकूं लागला, आणि डिझेलच्या थिजण्याचा प्रश्न घरोघरचा झाला. मैदानी प्रदेशांत विकल्या जाणाऱ्या डिझेलनें हिवाळ्यांत तीन अंशांपर्यंत वाहतें राहावें एवढीच आपल्याकडील प्रमाणाची अपेक्षा. लडाखांत तीन अंश म्हणजे सुखाची दुपार. ट्रकवाले डिझेलमध्यें रॉकेल मिसळीत, टांकीखालीं जाळ करीत, आणि तोही स्टोव्ह डिझेलच्या टांकीखालीं धरण्याचा प्रकार! उणे तेहतीस अंशांपर्यंत न थिजणारें खास हिवाळी डिझेल इंडियन ऑईलनें लडाखसाठीं बाजारांत आणलें तें नोव्हेंबर २०१९ मध्यें. झोजीलाच्या लढाईनंतर एकाहत्तर वर्षांनीं. एवढा उशीर कां, याचें उत्तर आमच्या मतें रसायनशास्त्रांत नाहीं. जोंवर कोणी तरी रात्रीं उठून जाळ करीत आहे, तोंवर वरच्यांस घाई नसते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील डोंगरमाथ्यांवर आपले रणगाडे पुनः चढले आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत, म्हणजे सबंध हिवाळा, तेथें राहिले. यांतील टी-७२ आणि टी-९० हे मॉस्कोच्या त्या टी-३४ चे वंशज. वाडवडिलांची दाबलेल्या हवेची नळकांडीं त्यांच्यांत अजून आहेत. शिवाय त्यांच्या पोटांत एक छोटा जाळ आहे. एंजिन सुरू करण्यापूर्वीं तो पेटवावयाचा, त्यानें पाणी आणि तेल ऊन व्हावयाचें, आणि मग कळ दाबावयाची. आपल्या जुन्या वाड्यांतील न्हाणीघरांत असे तो तांब्याचा बंबच तो, फक्त रणगाड्यांत बसविलेला. १९४१ सालीं जर्मन शिपाई जो जाळ बाहेर तेलपात्राखालीं करीत होते तो आतां आंत गेला आहे. तो पेटविण्याची रीत, तो किती वेळ ठेवावा, घाई केली तर काय मोडतें, हें चालकांस पठारावर राहूनच शिकावें लागतें. आणि एप्रिलांत नगरचा पारा चाळिशीवर गेलेला असतां घामानें निथळणाऱ्या तरुणास हा बंब कां पेटवावयाचा हें समजावून देणाऱ्या शिक्षकाचें काम आमच्या कामाहून सोपें नसावें.